गोपनीयतेची शपथ आणि कलम पाच

(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स शाखा)

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात राज्य मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन होते. अधिवेशन म्हणजे आपल्यासाठी काय, तर सिव्हिल लाइन्समधले बंद रस्ते, मोर्चे आणि ऑटोवाल्याने सांगितलेले दुप्पट भाडे! पण त्या दिवशी हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बसलेल्या एका ज्युनिअरने सहज प्रश्न टाकला, "भाऊ, हे लोक ‘पद आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात. पदाचं समजलं. पण गोपनीयता मोडली तर काय होते?"

कोणीतरी लगेच उत्तर दिले, "अबे, नेत्याला काय होते? काहीच नाही!" सगळे हसले आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. पण ग्रंथालयात शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ ची प्रत मिळाली. जेमतेम पंधरा-सोळा कलमांचा कायदा आहे, आपल्या एका युनिटच्या नोट्सपेक्षाही लहान. तो वाचला, जुनी वर्तमानपत्रे चाळली आणि लक्षात आले की ‘नेत्याला काही होत नाही’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. का होत नाही, ते त्याच कायद्यात लिहिलेले आहे. आणि गंमत म्हणजे हे समजून घ्यायला दिल्लीला जायची गरज नाही. आपल्या नागपूरशी जोडलेली दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली की पुरे.

आधी ‘गोपनीय’ म्हणजे काय?

मित्रांनो, आपल्याला सर्वात जवळचा गोपनीय कागद म्हणजे विद्यापीठाची प्रश्नपत्रिका. परीक्षा सुरू होईपर्यंत ती सीलबंद पाकिटात असते. ती फोडणारा, विकणारा आणि विकत घेणारा, तिघेही दोषी. पण पेपर सुटल्यावर तीच प्रश्नपत्रिका गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयांना मिळते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. म्हणजे कागद तोच, पण गुपिताला एक कारण असते आणि एक मुदत असते. कारण संपले की गुपित संपले.

सरकारी कागदांवर साधारणपणे चार प्रकारचे शिक्के असतात : टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड. कोणत्या कागदावर कोणता शिक्का मारायचा हे केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सुरक्षाविषयक सूचनांनुसार त्या त्या खात्यातले अधिकारी ठरवतात. आपल्याला वाटते की हे चार शिक्के कायद्यातच लिहिलेले असतील. तसे नाही! १९२३ च्या कायद्यात ‘गुप्त’ या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही. त्यामुळे वाद नेहमी इथूनच सुरू होतो. शिक्का आहे म्हणून कागद गुप्त, की कागद बाहेर गेल्याने देशाचे नुकसान होते म्हणून गुप्त? दिल्लीच्या एका न्यायालयाने २००९ मध्ये मंत्रिमंडळाच्या टिपणासंबंधीच्या एका पत्रकाराच्या खटल्यात स्पष्ट केले, की नुसता ‘गुप्त’ असा शिक्का आहे एवढ्याने गुन्हा होत नाही. पण ते ठरेपर्यंत त्या पत्रकाराची कितीतरी वर्षे कोर्टात गेली.

कायदा आला कुठून?

हा कायदा इंग्रजांचा. पहिला १८८९ चा. नंतर लॉर्ड कर्झनच्या काळात तो अधिक कडक करण्यात आला. लष्करी गुपितांबरोबर साध्या मुलकी कारभाराच्या गोष्टीही त्यात ओढण्याचा घाट घातला गेला. त्यावेळी कायदेमंडळात या विधेयकाला विरोध करायला उभे राहिले ते आपले गोपाळ कृष्ण गोखले. साल १९०३. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस! मुद्दा त्यांनी नेमका पकडला होता. किल्ल्याचा नकाशा आणि कचेरीतली फाइल यांना एकाच तराजूत तोलले तर सरकारच्या चुकांवर बोलणेच गुन्हा होऊन बसेल. विरोध होऊनही १९०४ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९२३ चा अधिनियम आला आणि स्वातंत्र्यानंतर काही दुरुस्त्यांसह तोच आपल्याकडे आजही चालू आहे.

त्यातली चार कलमे लक्षात ठेवली तरी पुरे.

कलम ३ हेरगिरीचे. देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा आणण्याच्या हेतूने माहिती गोळा करणे, देणे वगैरे. संरक्षणाशी संबंधित असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद.

कलम ५ हे आपल्या आजच्या विषयाचे. ते हेरगिरीचे नाही, सांभाळण्याचे आहे. सरकारी विश्वासाने हाती आलेली गुप्त माहिती अधिकार नसलेल्या माणसाला देणे, हक्क नसताना कागद स्वतःजवळ ठेवणे किंवा परत न करणे, आणि सांभाळताना वाजवी काळजी न घेणे, हे सगळे यात येते. देणाराच नव्हे तर जाणूनबुजून घेणारासुद्धा दोषी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

कलम १४ नुसार खटला बंद दाराआड चालवता येतो. निकाल मात्र उघडपणे सांगावा लागतो.

आणि आता कलम १३. हे कलम शेवटी आहे, कोणी फारसे वाचत नाही, पण सगळी गोम तिथेच आहे. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय केव्हा घेऊ शकते? फक्त ‘समुचित सरकारने’ दिलेल्या आदेशाने किंवा अधिकाराने तक्रार झाली तरच. आणि समुचित सरकार म्हणजे कोणते? कलम ५ चा गुन्हा असेल आणि परकीय सत्तेशी किंवा प्रतिबंधित ठिकाणाशी संबंध नसेल तर राज्य सरकार. बाकी सर्व बाबतींत केंद्र सरकार.

सोप्या भाषेत, पोलीस एफआयआर लिहू शकतात, तपास करू शकतात. पण कोर्टाच्या दाराची किल्ली सरकारच्या खिशात असते. ही किल्ली लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

शपथ मोडली तर?

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठी दोन वेगळे नमुने दिले आहेत, एक पदाच्या शपथेचा आणि एक गोपनीयतेच्या शपथेचा. मंत्री म्हणून जी बाब समोर येईल ती, कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेवढे सोडून, कोणाला सांगणार नाही असा त्याचा आशय. पण ही शपथ मोडल्यास किती वर्षे कैद, असे घटनेत कुठेच लिहिलेले नाही. मुख्यमंत्री राजीनामा मागू शकतात, सभागृहात गोंधळ होऊ शकतो, लोक पुढच्या निवडणुकीत हिशेब करू शकतात. तुरुंगाची वेळ आणायची असेल तर पुन्हा १९२३ च्या कायद्याकडेच जावे लागते.

आणखी एक. ही शपथ मंत्र्यांची. साधा आमदार संविधानावरील निष्ठेची शपथ घेतो, गोपनीयतेची नाही. विरोधी पक्षनेत्याला आपल्या राज्यात मंत्र्याचा दर्जा मिळतो, पण गोपनीयतेची शपथ त्यालाही नसते. शिवाय विधिमंडळात आमदार जे बोलतो त्याबद्दल घटनेच्या अनुच्छेद १९४ प्रमाणे कोणत्याही कोर्टात त्याच्यावर कारवाई होत नाही. मात्र हे संरक्षण सभागृहातल्या बोलण्याला आहे, बाहेरच्या पत्रकार परिषदेला नाही.

पहिले प्रकरण : ६.३ जीबी

२३ मार्च २०२१. नागपूर दक्षिण-पश्चिमचे आमदार आणि त्यावेळचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली. राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते. पोलिसांच्या बदल्यांमध्ये दलाल काम करतात, असा अहवाल राज्य गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पोलीस महासंचालकांना दिला होता, पण सरकारने त्यावर काहीच केले नाही, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्याजवळ अहवालाचे पत्र आणि फोनवरील संभाषणांचा ६.३ जीबी डेटा असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी ते दिल्लीला गेले आणि हे सगळे केंद्रीय गृहसचिवांना देऊन त्यांनी सीबीआय चौकशीची मागणी केली.

सरकारचे म्हणणे वेगळे होते. फोन टॅपिंगची परवानगी दुसऱ्या कारणासाठी घेतली गेली, आणि मुळात गुप्तवार्ता विभागाचा हा गोपनीय अहवाल बाहेर गेलाच कसा? मुख्य सचिवांनी मुख्यमंत्र्यांना अहवाल दिला. मग २६ मार्च २०२१ रोजी गुप्तवार्ता विभागाच्या तक्रारीवरून मुंबईच्या बीकेसी सायबर पोलीस ठाण्यात ‘अज्ञात व्यक्तींविरुद्ध’ गुन्हा नोंदवला गेला. कलमे कोणती? भारतीय टेलिग्राफ कायदा, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि शासकीय गुपिते अधिनियमाचे कलम ५.

इथे आपण निकाल द्यायचा नाही, प्रश्न नीट मांडायचा. एका बाजूला विरोधी पक्षनेत्याचे कामच सरकारचा गैरकारभार उघड करणे हे आहे. गृहसचिव म्हणजे काही परका माणूस नव्हे, तो केंद्र सरकारचा जबाबदार अधिकारी. आपण हे जनहितासाठी केले, व्हिसलब्लोअर म्हणून केले, असे फडणवीस यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूला, टॅप केलेल्या फोनमध्ये ज्यांचे आवाज आहेत त्यांचाही काही हक्क असतो, आणि गुप्तवार्ता विभागातून डेटा पेन ड्राइव्हमध्ये बसून बाहेर चालत असेल तर आज बदल्यांचा, उद्या कशाचा? दोन्ही प्रश्न खरे आहेत. अशा प्रश्नांचे उत्तर कोर्टात, पुरावा बघून, मिळायला हवे होते.

प्रत्यक्षात काय झाले? पोलिसांनी प्रश्नावली पाठवली. १३ मार्च २०२२ रोजी पोलीस फडणवीस यांच्या मुंबईच्या ‘सागर’ बंगल्यावर गेले आणि सुमारे दोन तास त्यांचा जबाब घेतला. राज्यभर त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पोलिसांच्या नोटिशीची होळी केली. साक्षीदार म्हणून बोलावले पण प्रश्न आरोपीसारखे विचारले, अशी फडणवीस यांची तक्रार होती. विरोधी पक्षनेता म्हणून माहितीचा स्रोत उघड न करण्याचा आपला अधिकार आहे, असेही ते म्हणाले.

३० जून २०२२ रोजी राज्यातले सरकार बदलले. फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि पुढे गृहखातेही त्यांच्याकडे आले. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दाखल केला आणि २०२३ मध्ये मुंबईतील न्यायालयाने तो स्वीकारला. जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. ५ डिसेंबर २०२४ रोजी फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आता ती किल्ली आठवा. राज्याच्या कारभाराशी संबंधित कलम ५ असेल तर तक्रार करण्याचा अधिकार राज्य सरकारचा. म्हणजे २०२१ मध्ये ज्यांच्या हाती किल्ली होती ते फडणवीस यांचे विरोधक, आणि २०२२ नंतर किल्ली ज्या सरकारच्या हाती आली त्यात ते स्वतःच होते. गुन्हा दाखल होणे सूडबुद्धीचे होते असे एक बाजू म्हणणार आणि बंद होणे सोयीचे होते असे दुसरी बाजू म्हणणार. कोण बरोबर हे सामान्य माणसाने ठरवायचे कसे? ज्या कोर्टात पुरावा तपासला गेला असता त्या कोर्टापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. तोटा दोन्ही बाजूंचा आहे. खरोखर जनहितासाठी केले असेल तर तसा निकाल मिळाला नाही, आणि फोडाफोडी झाली असेल तर ती कोणी केली तेही कळले नाही.

दुसरे प्रकरण : वर्धा रोडच्या बाजूचे

आता आपल्याला जास्त झोंबणारी गोष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्राह्मोस एरोस्पेसच्या नागपूर केंद्रातल्या एका तरुण इंजिनिअरला उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकांनी अटक केली. हा मुलगा हुशार, तरुण वैज्ञानिक म्हणून पुरस्कार मिळालेला. म्हणजे आपले सर लोक ज्याचे उदाहरण देतात तसा. त्याच्या वैयक्तिक लॅपटॉपमध्ये क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या गोपनीय फाइल्स सापडल्या. शिवाय सोशल नेटवर्किंगवर मुलींच्या नावाने उघडलेल्या खोट्या खात्यांशी त्याचा संपर्क आला होता. परदेशी नोकरीचे आमिष दाखवून त्याला काही ॲप्लिकेशन्स डाऊनलोड करायला लावली गेली आणि त्यात माहिती चोरणारे सॉफ्टवेअर होते, असे सरकार पक्षाचे म्हणणे.

इथे संरक्षण आणि परकीय सत्ता आली, म्हणजे किल्ली केंद्राकडे. खटला चालला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला जामीन दिला, तोवर साडेचार वर्षे तुरुंगात गेली होती. ३ जून २०२४ रोजी नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील सायबर दहशतवादाच्या कलमाखाली जन्मठेप आणि गुपिते अधिनियमाखाली १४ वर्षे.

गोष्ट तिथे संपली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नागपूर खंडपीठाने अपिलात हेरगिरी आणि सायबर दहशतवाद या दोन्ही आरोपांतून त्याची सुटका केली. उरले काय? तेच कलम ५, त्यातला ‘वाजवी काळजी घेतली नाही’ हा भाग. शिक्षा तीन वर्षे, जी त्याने आधीच भोगून संपवली होती.

म्हणजे सात वर्षांनंतर न्यायालयाने शेवटी सांगितले, की हा हेर नव्हता, निष्काळजी होता. ऑफिसची फाइल घरच्या लॅपटॉपमध्ये ठेवणे, ही चूक केवढी? तर एका माणसाची तिशीची सगळी वर्षे गिळून टाकण्याएवढी.

कलम एकच, ५. एका प्रकरणात ते एफआयआरच्या पुढे गेले नाही. दुसऱ्यात ते अटक, जामीन, जन्मठेप, अपील अशा सगळ्या पायऱ्या चढून शेवटी तीन वर्षांवर थांबले. हेही खरे की दोन्ही प्रकरणांतला मजकूर सारखा नव्हता. क्षेपणास्त्राची फाइल आणि बदल्यांचा अहवाल एक नव्हे, गोखल्यांनी १९०३ मध्ये सांगितलेला फरक हाच. त्यामुळे ‘इंजिनिअर आत, साहेब बाहेर’ असे सरळ समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. पण एक फरक मात्र उरतोच. त्या इंजिनिअरसाठी कोणतेही सरकार बदलून उपयोग नव्हता.

३ जून २०२४ : त्याच दिवशी इस्लामाबादला

नागपूरच्या कोर्टात जन्मठेप सुनावली गेली त्याच दिवशी, ३ जून २०२४ ला, सीमेपलीकडे इस्लामाबाद उच्च न्यायालयाने माजी पंतप्रधान इम्रान खान यांना एका प्रकरणातून निर्दोष सोडले. कायदा कोणता? तोच, १९२३ चा! फाळणीत रेल्वेचे डबे, टाइपरायटर, पुस्तके वाटली गेली, तसा हा कायदाही दोघांच्या वाट्याला आला.

मार्च २०२२ मध्ये सरकार पडायच्या बेतात असताना इम्रान खान यांनी जाहीर सभेत एक कागद फडकावला आणि आपल्याविरुद्ध परदेशातून कट चालल्याचा हा पुरावा आहे असे सांगितले. तो कागद म्हणजे वॉशिंग्टनच्या पाकिस्तानी वकिलातीतून आलेली गुप्त तार, असा खटला. सत्ता गेल्यावर ३० जानेवारी २०२४ ला, म्हणजे निवडणुकीच्या नऊ दिवस आधी, तुरुंगातच भरलेल्या विशेष न्यायालयाने त्यांना आणि माजी परराष्ट्रमंत्र्यांना दहा-दहा वर्षांची शिक्षा दिली. चार महिन्यांत वरच्या कोर्टाने ती रद्द केली.

अमेरिकेतही वेगळे चित्र नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये एफबीआयने डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील घराची झडती घेतली आणि शंभरावर गोपनीय कागद जप्त केले. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर ते कागद सरकारी अभिलेखागारात जायला हवे होते. जून २०२३ मध्ये आरोपपत्र आले. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी, विशेष वकिलाची नेमणूकच बेकायदा, या मुद्द्यावर खटला काढून टाकला. त्यावर अपील झाले, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले आणि त्यांच्याविरुद्धचे अपील मागे घेतले गेले. पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही, असे तिथल्या न्याय खात्याचे धोरण आहे.

मुंबई, इस्लामाबाद, फ्लोरिडा. तिन्हीकडे गुपितांच्या कायद्याची दिशा सत्तेच्या वाऱ्याबरोबर बदललेली दिसते. सत्ता गेली की खटला, सत्ता आली की सुटका. नेता दोषी असो वा निर्दोष, ते नीट सिद्धच होत नाही.

मग उपाय काय?

कायदाच नको असे मी म्हणणार नाही. क्षेपणास्त्राची रचना, गुप्तचरांची नावे, छाप्याची तारीख ही गुपिते राहायलाच हवीत. पण तीन गोष्टी सुधारता येतील.

पहिली, ‘गुप्त’ची व्याख्या. शिक्का पाहून नव्हे तर नुकसान पाहून गुन्हा ठरावा. २००६ मध्ये वीरप्पा मोइली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तर हा अधिनियमच रद्द करावा आणि देशाच्या सुरक्षेपुरती कलमे राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घालावीत, अशी शिफारस केली होती. अधिनियम आजही जागेवर आहे.

दुसरी, जनहिताचा बचाव. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८(२) मध्ये म्हटले आहे, की लपवण्याच्या नुकसानीपेक्षा उघड करण्यातले जनहित मोठे असेल तर गुपिते अधिनियम आडवा येणार नाही. राफेल प्रकरणात ‘हे कागद चोरीचे आहेत, बघू नका’ असा केंद्राचा आक्षेप होता. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. (पुढे मूळ फेरविचार याचिका फेटाळली गेली, तो वेगळा मुद्दा.) पण कागद बाहेर आणणाऱ्या माणसाला वाचवणारा कायदा कुठे आहे? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची, ती किल्ली. राजकीय नेत्याचा संबंध असेल तेव्हा खटला चालवायचा की नाही हे त्याच्या विरोधकांनीही ठरवू नये आणि त्याच्या मंत्रिमंडळानेही ठरवू नये. एखाद्या स्वतंत्र प्राधिकाऱ्याने किंवा थेट उच्च न्यायालयाने ठरवावे. आपल्या अंतर्गत परीक्षेत सुद्धा स्वतःच्या मुलाचा पेपर शिक्षक तपासत नाहीत. मग इथे का?

आणि आपण?

"आपण काय मंत्री होणार आहोत का?" असे कोणी म्हणेल. मंत्री नाही, पण कलम ५ च्या टप्प्यात येणारे आपल्यात बरेच आहेत. कोणी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत जाईल, कोणी ब्राह्मोसमध्ये, कोणी डीआरडीओत, कोणी एखाद्या खासगी कंपनीत जिथे संरक्षण खात्याचे काम चालते. प्लेसमेंटच्या आनंदात आपण जॉइनिंगच्या दिवशी पन्नास कागदांवर सह्या करतो, त्यातला एक कागद गोपनीयतेचा असतो. तो वाचा.

ऑफिसची फाइल स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा ई-मेलवर घेऊ नका, ‘घरी जाऊन पूर्ण करतो’ या चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. नोकरी सोडताना सगळे परत करा आणि परत केल्याची पावती घ्या. अनोळखी माणसाने परदेशी नोकरीचे स्वप्न दाखवून ॲप टाकायला सांगितले तर आधी वरिष्ठांना विचारा. व्हॉट्सॲपवर कोणी शिक्का मारलेला सरकारी कागद पाठवला तर ‘फॉरवर्ड’ करण्याआधी लक्षात असू द्या, जाणूनबुजून घेणाराही कायद्यात आहे. आणि कारभारातला घोळ खरोखर दिसला, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचा. तो हळू चालतो, पण सुरक्षित चालतो.

टीव्ही रूममधल्या त्या ज्युनिअरला आता माझ्याकडे पूर्ण उत्तर आहे. गोपनीयता मोडली तर काय होते, हे कागदात काय आहे यावर थोडे आणि किल्ली कोणाच्या खिशात आहे यावर जास्त अवलंबून आहे. कायदा नेत्याला सूट देत नाही, एका शब्दानेही नाही. सूट देते ती किल्ली. ती जोवर सत्तेच्या खिशात आहे तोवर पुढच्या प्रत्येक शपथविधीला ‘गोपनीयता’ हा शब्द आपण ऐकू, टाळ्या वाजतील, आणि त्या शब्दाचा खरा भार मात्र लॅपटॉप घेऊन ऑफिसला जाणाऱ्या एखाद्या इंजिनिअरच्या खांद्यावर असेल.